जास्तीचा वाटा

“ताप नाई जी,” श्रीहरी गिरणीवाला म्हणाला, आणि मग त्यानं रामराम केला.

खुशालरावांनी जयभीम केला. दोन्ही नमस्कार एकमेकांना वाट देऊन पलीकडे निघून गेले.

“आज मी त्या कामाले नाई आलो श्रीहरीभाऊ,” खुशालराव म्हणाले. “झोळा घरी हाये. पाहा.”

श्रीहरीनं पाहिलं. खांद्याला झोळा नव्हता, शेजारी बायको होती. तरीही पाठीमागे नेलेला डावा हात त्यानं पुढे काही आणला नाही.

खुशाल उंदिरवाडे हिवताप खात्यात होते. घरोघर जायचं, कोणाला ताप आहे का विचारायचं, असेल त्याच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा ठिपका काचेवर घ्यायचा आणि कडू गोळ्या द्यायच्या, हे त्यांनी उभी नोकरी केलं. परिणाम असा झाला, की त्या सगळ्या टापूत त्यांना बघताच लोकांच्या तोंडून प्रश्नाच्या आधी उत्तर यायचं. लग्नाच्या पंगतीत वाढपी आधी ‘ताप नाई जी’ म्हणायचा, मग भात वाढायचा. एकदा ते एका मयतीला गेले, तर मेलेल्याचा भाऊ रडता रडता म्हणाला, “त्याले ताप नव्हता जी. बैलानं मारलं.”

नोकरीत त्यांची बदली जिल्ह्याबाहेर कधी झाली नाही. एकदा मात्र जिल्ह्याचीच बदली झाली. चंद्रपूरचा तुकडा पाडून गडचिरोली जिल्हा केला, कचेऱ्यांवरच्या पाट्या रंगवून झाल्या, शिक्के नवे आले. डासांना कुणी कळवलं नाही.

आता महिनाअखेर खुशालराव निवृत्त होत होते आणि तालुक्याच्या गावचं सरकारी क्वार्टर सोडायचं होतं. जायचं कुठे, हा प्रश्न होता. त्यांचं स्वतःचं गाव राजुऱ्याकडचं. ते कोळशाच्या खाणीत गेलं. गाव दुसरीकडे वसवलं, पण त्या जागी जुनी भांडणं तेवढी पोचली, झाडं पोचली नाहीत. एकुलती मुलगी सीता चंद्रपूरला नांदत होती. तिच्या घरात सासू-सासरे आधीच होते, म्हणजे त्या जागा भरलेल्या. तेव्हा खुशालरावांनी आपल्याच फिरतीतली दोन गावं निवडली होती. रस्त्यावरचं मोहफाटा आणि नाल्यापलीकडचं, तलावाकाठचं कोसमबोडी. खुशालरावांचं मन मोहफाट्याकडे झुकलेलं होतं. कुंताबाईंचं मन कुठे झुकलं आहे हे त्यांना लग्नानंतर कधीच आधी कळलेलं नव्हतं.

“मोहफाट्यात काय नाई, सांगा,” श्रीहरी म्हणाला. “बस हाये. गिरनी हाये, माहीच हाये. लाइट हाये.”

“लाइट रायते काय?” कुंताबाईंनी विचारलं.

“येते न बाई. रायचं म्हनान त... येते.”

शिवाय ग्रामपंचायतीत टीव्ही होता. त्यावर अजून तरी नुसत्या मुंग्या दिसत, पण त्या थेट दिल्लीहून येत. श्रीहरीला खुशालराव गावात हवे होते यात शंका नव्हती. एक सरकारी माणूस राहायला आला की मागून दवाखाना येतो, दवाखान्यामागून डांबर येतं, असा त्याचा अनुभव नसला तरी विश्वास होता.

जागा दाखवायला तो पुढे निघाला. शाळा मागे पडली. देऊळ मागे पडलं. शेवटचा दिव्याचा खांब आला. गाव संपलं. श्रीहरी थांबला नाही. त्यानं मोरी ओलांडली, आणि पलीकडच्या वस्तीच्या टोकाला एका मोकळ्या तुकड्यावर उभा राहिला.

“ही पाहा. मोकळी, हवेशीर. तुमचे लोक इकडंच रायतेत न. तुमालेच बरं वाटन.”

तो अगदी मनापासून बोलत होता. अडचण तीच होती.

“भाऊ,” कुंताबाई म्हणाल्या, “इथून हाक मारली त गावात आयकू जाते काय?”

“हाक काऊन मारा लागते बाई? बस आवाज करतेच न.”

वस्तीतल्या बायनाबाईनं दोघांना घरात बोलावून चहा पाजला. आलं घातलेला, घट्ट, उगीच पाहुण्यांसाठी पातळ न केलेला. विहाराचं बांधकाम खिडक्यांपर्यंत आलं होतं, ते तिनं अभिमानानं दाखवलं. कुंताबाईंना ती बाई आवडली.

“या न बाई इकडंच रायाले,” बायनाबाई म्हणाली. “दोघी मिळून पानी आनू.”

“पानी कुठून आनता?”

“गावातून. बोरिंग मंजूर झाली हाये आपल्या इकडं. यून राह्यली.”

“कवापासून?”

“आमचा लच्छू पोटात होता तवापासून,” बायनाबाई म्हणाली. “आता त्याले मिशा फुटल्या.”

आणि दोघीही पदर तोंडाला लावून हसल्या.

परतताना बसमध्ये खुशालराव हिशेब मांडत होते. “आपले लोक हायेत. बस हाये. उद्या तुह्या गुडघ्याचं दुखनं वाढलं त दवाखान्यात जाले सोपं. कोसमबोडीले काय हाये? पावसाळ्यात नाला भरला का दोन-दोन आठवडे तिकडचा मानूस तिकडं. आन् डास त असे, का मीच सरकारले लिहून देल्लं, या गावाले मच्छरदान्या पुरवा म्हनून.”

“हो,” कुंताबाई म्हणाल्या.

कुंताबाईंचा ‘हो’ पोस्टाच्या पोचपावतीसारखा होता. मजकूर मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

“मंग मोहफाटाच ठरवाचं?”

“कोसमबोडीच्या मनसारामभाऊनं बुधवारी बोलावलं हाये न जागा पाह्याले?”

“हो, पन...”

“मंग बुधवारी पाहू.”

बुधवारी खुशालरावांनी सायकल काढली, कुंताबाईंना मागे बसवलं आणि कोरड्या नाल्यातून सायकल ढकलत कोसमबोडी गाठली. मे महिन्याचं ऊन होतं. गावात चिटपाखरू नव्हतं. घरांना कड्या घातलेल्या, अंगणात कोंबड्या तेवढ्या. तलावाच्या पाळीवर चढून पाहिलं, तर अख्खं गाव तलावात होतं.

उन्हाळ्यात पाणी गुडघ्याइतकं उरलं की कोसमबोडीत तलाव मारतात. दिवस मनसाराम ठरवतो. तो ढिवरांचा, म्हणजे मासे मारणाऱ्यांचा म्होरक्या. पाण्याचा रंग पाहून सांगतो आणि त्यावर अपील नसतं. पुरुष जाळी ओढतात, बाया टोपल्यांनी झिंगे उपसतात, म्हातारे पाळीवर बसून सगळ्यांच्या चुका दाखवतात. विकायच्या माशांचा हिशेब ढिवरांचा ढिवर पाहतात, पण त्या एका दिवशीचे मासे गावाचे. जितक्या चुली तितके वाटे.

पाळीवर खुशालराव दिसताच चिखलात माखलेल्या त्या सगळ्या गावानं एका सुरात आरोळी दिली, “ताप नाई जीऽऽ!”

कुंताबाई पदराआड हसल्या. खुशालरावांनी हात वर करून पोच दिली.

“मनसारामभाऊ, जागा पाह्याची होती न?” त्यांनी काठावरून विचारलं.

“जागा कुठी पळून राह्यली काय?” मनसाराम जाळं ओढत ओरडला. “मासे पळून राह्यले! बसा सावलीत!”

तेव्हा ते बसले. ऊन कलेपर्यंत तलाव ढवळून झाला आणि पाळीवरच्या सावलीत पळसाची पानं मांडायला सुरुवात झाली. एका ओळीत, पानाला पान लावून. प्रत्येक पानावर एक मरळ. ती लहान असेल तर शिंगीची भर. वर ओंजळभर झिंगे. मनसारामचा मुलगा डोमा मासे टाकत होता, आणि कुणाच्या मरळीची शेपटी जास्त लांब यावर दोन म्हाताऱ्यांचं आधीच जुंपलं होतं.

ओळ एकच होती. खुशालरावांची नजर तिच्यावर खिळली.

कोसमबोडी काही संतांचं गाव नव्हतं. पूर्वी इथेही ओळी दोन असत. एक पाळीवर आणि एक पाळीखाली. पण दोन ओळी मोजताना दर वर्षी एवढी भांडणं होत, की मनसारामच्या बापानं एकदा वैतागून जाळं फेकलं आणि म्हणाला, एकच ओळ घाला, नाहीतर तुमचे तुम्ही मासे मारा. मासे मारायला दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. समतेचा उगम कुठून होईल ते सांगता येत नाही.

खुशालरावांच्या गावी तसं कधी झालं नाही. तिथल्या तलावाचा वाटा त्यांच्या बापाला खाली उभं राहून घ्यावा लागे; वरून टाकत, आणि मासे मातीतून वेचावे लागत. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर बापानं पुढच्या उन्हाळ्यापासून तलावाकडे जाणंच सोडलं. घरात मासे शिजले ते बाजारातले, आणि क्वचित. आईला फार आवडत.

मनसाराम ओळीच्या तोंडाशी उभा राहिला आणि एकेका घराचं नाव घेऊ लागला. नाव निघालं की त्या घरची बाई वाट्यापाशी जाऊन उभी राही. सगळ्यांची नावं झाल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही, असा नियम. नावं संपली. मधल्या एका पानापाशी कुणीच उभं नव्हतं.

“येक वाटा राह्यला,” मनसाराम म्हणाला. “कोनाचा हाये?”

डोमा खाली मान घालून जाळ्यातला गाळ काढत बसला.

“भाऊ,” मनसाराम खुशालरावांकडे वळला, “तुमी जलमभर आमची घरं मोजली. पाहा बरं, कोन सुटलं.”

खुशालराव तत्काळ उठले. गावातली घरं मोजायची म्हटल्यावर त्यांना बसवेना. त्यांनी डोळे अर्धवट मिटले आणि मनातल्या मनात कोसमबोडीत शिरले, नाल्याच्या बाजूनं, नेहमीच्या वाटेनं.

“हे पत्रूचं घर. पत्रूची बायको उभी हाये, बरोबर. मंग सोमारी. सोमारीबाई, तुमच्या पोरानं चूल वेगळी केली न? त्याची बायको? हां, तेही हाये. मंग केसरबाई...”

असं करत ते गावाच्या त्या टोकाला निघाले, तिथल्या सुकरीच्या घरावरून वळले आणि परत आले. एकही घर सुटलं नव्हतं.

“मनसारामभाऊ, घर कोनाचंच नाई सुटलं,” त्यांनी अहवाल दिला. “तुमचीच मोजन्यात चूक झाली. येक वाटा जास्तीचा पडला.”

“जास्तीचा कसा पडन? मी मोजूनच पानं मांडली.”

“चूक होते मानसाकडून. असं करा, तो वाटा मोडा आन् सगळ्यात थोडे थोडे झिंगे टाका. मरळ सुकरीबाईले द्या, तिची लहान हाये.”

बायांच्या ओळीत कुणीतरी फुसकन हसलं. पत्रूनं तोंड वळवलं. त्याचे खांदे हलत होते. कुंताबाई सावलीत बसल्या होत्या, त्या हळूच उठून उभ्या राहिल्या.

“आजून येक डाव मोजा,” मनसाराम गंभीरपणे म्हणाला.

खुशालरावांनी अजून एक डाव मोजलं. यावेळी उलट्या बाजूनं, म्हणजे शंकाच नको. उत्तर तेच आलं. “जास्तीचाच हाये,” त्यांनी निक्षून सांगितलं. “मोडा तो वाटा. मी सांगतो न.”

तेव्हा ओळीतून केसरबाई पुढे आली. ही केसरबाई सुईला भीत असे. खुशालराव गावात शिरले की ती धान्याच्या ढोलीमागे जाई आणि घरची माणसं सांगत, म्हातारी बाहेरगावी गेली. मग ढोली खोकत असे. एवढ्या वर्षांत खुशालरावांनी तिचं खोकणंच काय ते ऐकलं होतं. समोरासमोर ती आज पहिल्यांदा उभी होती.

“काऊन गा उंदिरवाडे,” ती म्हणाली, “साऱ्या गावाचे घरं मोजता येतेत, आन् आपलं मोजता नाई येत?”

आता अख्खी पाळ हसली. डोमा तर चिखलात बसलाच.

खुशालरावांना कळायला थोडा वेळ लागला. ते त्या पानाकडे पाहत राहिले. पान मनसाराम आणि केसरबाईच्या वाट्यांच्या मध्ये होतं. मरळ चांगली जाड होती आणि अजून तोंड उघडझाप करत होती. झिंगे इतरांइतकेच होते, एक कमी नाही की एक जास्त नाही. कुणी त्यांना जास्त घातले असते तर त्यांना वाईट वाटलं असतं.

“पन आमचं घर नाई इथी,” शेवटी ते म्हणाले.

“घराचं काय एवढं?” केसरबाई म्हणाली. “घर मांगून येते. मासा सडून जाते.”

खुशालराव पानाकडे एक पाऊल सरकले. पण नोकरी सरकारी होती आणि महिनाअखेर अजून आली नव्हती; कर्तव्य म्हणून त्यांनी खरं ते सांगून टाकलं.

“मनसारामभाऊ, तुमाले खोटं नाई सांगत. आमचं मोहफाट्याचं चाललं हाये. या गावात डास लय हायेत.”

हे मात्र गावाला लागलं.

“आन् मोहफाट्याचे डास काय माळकरी हायेत?” पत्रू म्हणाला.

“नाला भरते...”

“भरते न,” मनसाराम म्हणाला. त्यानं जाळं खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच तो थट्टेत बोलत नव्हता. “म्हनूनच म्हनतो. नाला भरला का गोळ्या तिकडं, तुमी तिकडं, आन् ताप इकडं. तुमी इकडं असाले पायजे. आमी काय तुमाले देव म्हनून नाई बोलावत भाऊ. आमाले गरज हाये. मले चार डाव ताप येऊन गेला, चारी डाव तुमी नाल्यातून आले. मी पाह्यलं हाये, तुमाले पवता नाई येत.”

खुशालरावांना पोहता येत नव्हतं हे खरं होतं. कुंताबाईंना ते आज कळलं. त्यांनी नवऱ्याकडे एक नजर टाकली. त्या विषयावर पुढे सविस्तर बोलणं होणार होतं.

“गरज त मोहफाट्याच्या श्रीहरीलेही हाये,” खुशालराव पुटपुटले.

“त्यानं वाटा घातला काय?” केसरबाईनं विचारलं.

श्रीहरीनं जागा दाखवली होती. बायनाबाईनं चहा दिला होता. तो चहा खुशालरावांना त्या क्षणी आठवला आणि त्यांना बरं वाटेना. वस्तीतल्या त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. तिच्या शेजारीसुद्धा माणूस सुखानं राहिला असता.

ते कुंताबाईंकडे वळले. पण त्या त्यांच्याशी बोलतच नव्हत्या. त्या ओळीत जाऊन मधल्या पानापाशी उभ्या होत्या, इतर बायांसारख्याच, आणि केसरबाईला विचारत होत्या, “मावशी, हा वाटा घरी नेला त चालते काय? सांजेपर्यंत पोचू क्वार्टरवर.”

“नाई व माय. गावाचा वाटा शिवेपल्याड नाई जात. इथीच शिजवा लागते.”

“अस्सं.”

कुंताबाईंनी क्षणभर मरळीकडे पाहिलं. मग पदर खोचला.

“सीताचे बाबा,” त्या म्हणाल्या, “तीन गोटे पाहा बरं. सारखे पाहा. गंज डुगडुगला नाई पायजे.”

निर्णय म्हणतात तो हाच. खुशालराव चुलीसाठी दगड शोधायला निघाले. पाळीखाली उतरल्यावर त्यांनी थांबून टोपीनं तोंड पुसलं. घाम होता, असं ते नंतर म्हणाले.

जागा केसरबाईच्या कुंपणापासून सोमारीच्या भिंतीपर्यंत होती. गावाच्या मधोमध. तिथे एक जुनं घर पडून गेलेलं होतं आणि आता नुसतं गवत होतं. मनसारामनं पायानं चार कोपरे दाखवले. कुंताबाईंनी मधोमध उभं राहून वारा कुठून येतो ते पाहिलं आणि नवऱ्याला दगड ठेवायला लावले. एकदा उचलून पुन्हा ठेवायला लावले. दाराची बाजू रस्त्याकडे, चूल मागच्या अंगाला. हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

केसरबाईनं कालवण शिजवायला पातेल्याएवढा गंज दिला, तेल-मीठ दिलं, आणि मासळीत टाकायला दोन कैऱ्या. पत्रूच्या बायकोनं विळी आणली. कुंताबाई राखेत मासे घोळून खवलं काढायला बसल्या. क्वार्टरमध्ये इतकी वर्षं त्यांनी ओट्याखाली, दार लावून मासे चिरले होते, शेजारच्या साहेबिणीला वास नको म्हणून. इथे त्या उघड्यावर बसल्या होत्या आणि चार बाया भोवती उभ्या राहून, मरळ अशी नाही, तशी चिरतात, असं सांगत होत्या.

“उद्या मोहफाट्याले जाऊन येजा,” विळीवरून मान न उचलता त्या नवऱ्याला म्हणाल्या. “बायनाबाईले सोता सांगजा. दुसऱ्याच्या तोंडून कळालं त तिले वाईट वाटन.”

“काय सांगू?”

“सांगा, चहा लय चांगला होता. आन् दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले बोलवा तिले. आपल्या घरी.”

‘आपल्या घरी’ म्हणताना त्यांनी विळीवरचा एक हात उचलून भोवतालच्या गवताकडे दाखवला.

बाया आपापल्या चुलीकडे गेल्या. सूर्य तलावाच्या पलीकडे उतरला. घराघरातून धूर निघाला आणि माशाच्या कालवणाचा वास कुंपणं न जुमानता फिरू लागला. कुंताबाईंची चूल मात्र रचलेलीच होती. काटक्या होत्या, गंज होता, कैरी चिरून झाली होती, आणि काडेपेटी नव्हती. खुशालरावांनी बिडी सोडली होती, त्याचा त्यांना आज प्रथमच पश्चात्ताप झाला.

“मागून आनू काय पत्रूकडून?”

“थांबा जरा,” कुंताबाई म्हणाल्या.

मनसाराम येताना दिसला. अंग धुऊन, डोक्याला कोरडं फडकं बांधून तो आला होता. हातात खापर होतं, आणि खापरात त्याच्या चुलीतले निखारे. गवतातून तो सरळ चुलीपर्यंत येऊ शकला असता. चारी बाजू मोकळ्या होत्या. पण तो रस्त्याच्या बाजूनं आला, जिथे पुढेमागे दार होणार होतं तिथे थांबला, चपला काढल्या, आणि खापर धरून तसाच उभा राहिला.

कुंताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“या न भाऊ,” त्या म्हणाल्या. “दारात काऊन उभे राह्यले? आत या.”

इकडच्या घरांची दारं ठेंगणी असतात. मनसारामनं मान वाकवली आणि तो आत आला.